पागनिसांचा राजमुकुट

माझ्या मुलीच्या लग्नातल्या मुकुटाबद्दल सध्या सातारा आणि सांगली या दोन गावांत मिळून निदान चार कथा फिरताहेत. एकीत मी बँकेत रडलो असं आहे. हे साफ खोटं आहे. बँकेतल्या एसीची हवा माझ्या डोळ्यांत गेली होती. दुसरीत मला पोलिसांनी जीपमध्ये घातलं म्हणे. तेही खोटं. तेव्हा जे घडलं ते मी स्वतःच सांगितलेलं बरं. मी, सुमंत पागनीस, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षांत मी एकही खोटा शेरा मारलेला नाही. उशिरा पुष्कळ मारले.

सुरुवात मोबाइलवर झाली. आमच्या स्वानंदीचं लग्न सांगलीच्या पुष्करशी ठरलं होतं, कार्यालय ठरलं होतं, आचारी ठरला होता आणि आता आपलं काम संपलं अशा भ्रमात मी साताऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आडवा पडलो होतो. शेजारी माझी पत्नी विनोदिनी कुठल्याशा परदेशी राजकन्येच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती. राजकन्येच्या डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट होता. तो तिच्या पणजीनं लग्नात घातलेला, मग आजीनं, मग आईनं, असं निवेदिका गहिवरून सांगत होती.

"टियारा म्हणतात त्याला," विनोदिनी म्हणाली.

मी "हं" म्हणालो. संसारात हा "हं" फार जपून वापरावा लागतो.

"आपल्याकडेही आहे की."

"काय?"

"टियारा. तात्यांच्या लॉकरमध्ये."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम माधवनगर. तिथल्या कापड गिरणीत ते टाइमकीपर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तात्या अजून येणाऱ्याजाणाऱ्याच्या वेळा बघतात. घराण्याचा इतिहास हे खातंही त्यांच्याकडेच आहे. आमच्या पणजोबांना संस्थानच्या राणीसाहेबांनी राजघराण्यातल्या एका लग्नात स्वतःच्या हातानं राजमुकुट दिला, असा तो इतिहास. संस्थान कोणतं म्हणाल, तर तात्या सांगलीत बसून सांगत असले की ते मिरजेचं असतं आणि मिरजेत बसून सांगत असले की सांगलीचं. त्यामुळे श्रोत्याला लगेच उठून चौकशी करता येत नाही. दोन पिढ्या पागनिसांच्या लेकी हा मुकुट घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या. शेवटच्या आमच्या द्वारकाआत्या, साठेक वर्षांपूर्वी. त्यानंतर घराण्यात एकतर मुलगे झाले, नाहीतर पळून जाऊन लग्न करणाऱ्या मुली.

आता विनोदिनीला हे अचानक आठवायचं कारण काही ती राजकन्या नव्हती. खरं कारण क्रांतीताई, म्हणजे पुष्करच्या आई, आमच्या होणाऱ्या विहीणबाई. साखरपुड्यात त्यांनी अंगावरच्या प्रत्येक दागिन्याची आम्हाला ओळख करून दिली होती, नातेवाइकांची करून देतात तशी. "ही चिंचपेटी, आजेसासूबाईंची. हा साज, त्यांच्या सासूबाईंचा." मग विनोदिनीच्या गळ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचं आपलं सुटसुटीत आहे हो. छान." या "छान"पासून विनोदिनीला नीट झोप नव्हती.

स्वानंदीला फोन लावला. ती पुण्यात नोकरी करते. "आई, मला मुकुट नको, मला दोन दिवस जास्त रजा हवी," ती म्हणाली. हा नकार धरायचा नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगत नाही.

लॉकर सांगलीतल्या एका बँकेत होता, तात्या आणि त्यांचे दिवंगत बंधू यांच्या नावावर. मी आणि तात्या गेलो. खुर्चीत एक तरुण, अतिशय नम्र बाई होत्या. इतक्या नम्र माणसाकडे आपलं काम होत नाही हे मला अनुभवानं माहीत आहे. त्यांनी नवीन करार सांगितला. पुढच्या खेपेला त्याचा स्टॅम्पपेपर नेला. मग बंधूंचा मृत्यूचा दाखला. तो नेला, तर त्यात आडनाव "पाननीस" पडलेलं. ते दुरुस्त केलं, तर तात्यांची सही जुन्या कार्डावरच्या सहीशी जुळेना. मग अंगठा. यंत्रावर तात्यांनी दहाही बोटं आळीपाळीनं टेकवली. यंत्र लाल दिवा दाखवून गप्प.

"रेषा पुसल्यात सर," बाई म्हणाल्या. "हयातीचा दाखला आणाल का?"

"मी तुमच्या समोर बसलोय," तात्या म्हणाले.

"हो सर, मला दिसताय. सिस्टिमला दिसत नाही."

साताऱ्याहून सांगलीला एसटीनं माझ्या पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला त्या बाई मान किंचित तिरकी करून म्हणाल्या, "आज साहेब नाहीत, सोमवारी बघू या का आपण?" आणि मी गारठलो. हे वाक्य माझं होतं. ही मानसुद्धा माझी होती. एकतीस वर्षं मी लोणंदच्या, खंडाळ्याच्या, कुठल्याकुठल्या माणसांना याच सुरात सोमवारी बोलावलं होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की माणूस समाधानानं गेला. एसीच्या हवेची गोष्ट ती इथली.

सहाव्या खेपेला लॉकर उघडला. लाल फडक्यातून तात्यांनी मुकुट काढला तेव्हा, खरं सांगतो, माझी छाती दोन इंच फुगली. चांगला दीड वीत रुंद, मधे पिंपळपानासारखा उंच, लाल-हिरवे खडे. दोन्ही टोकांना करंगळी जाईल एवढ्या कड्या, खालच्या काठाला ओळीनं बारीक कड्या आणि वर एक नळी.

"ही नळी कशाला?"

"मोराचा तुरा खोचायला."

"आणि एवढ्या कड्या?"

"मोत्यांच्या लडी सोडत. राजेशाही आहे ती, सुमंत. तुझ्या पाणीपुरवठ्यात कडी म्हटलं की फक्त कुलूप." मग त्यांनी मुकुट उलटा केला. मागे बारीक अक्षरं कोरली होती: पा. ७. "पागनीस, सातवे मानकरी," तात्या म्हणाले आणि त्यांनी मुकुट कपाळाला टेकवला.

साताऱ्यात आल्यावर समोरच्या फ्लॅटमधले तानाजीराव बघायला आले. तानाजीराव मूळचे विट्याकडचे. तीस वर्षं कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. ते आता मुलाकडे देऊन इकडे आलेत आणि दिवसभर आमच्या सोसायटीला सल्ले देतात. त्यांनी मुकुट हातावर तोलला, नखानं खरवडला, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"चांदी हाय साहेब. वर सोन्याचं पाणी. खडं काचंचं, पर काच लय भारी."

विनोदिनीचा चेहरा पडला. तानाजीराव मुकुट खाली ठेवीनात.

"एक इचारू का? माणसाच्या डोक्यासाठी एवढं दणकट कोन घडवंल? ह्ये हिसकं खायला केलंय."

"त्या काळी लग्नं दणकट असत," मी म्हणालो. मला हे उत्तर तेव्हा फार आवडलं होतं.

जाता जाता तानाजीराव दारात थांबले. "आनि आवं, जुनी चीज हाय. शंभर वर्साच्या वरची आसली तर सरकारात नोंद लागती. न्हाई केली तर उद्या भानगड नको."

भानगड नको, या शब्दांनी मध्यमवर्गीय माणसाकडून काहीही करून घेता येतं. मी मुकुट पिशवीत घालून, वर दोन मेथीच्या जुड्या ठेवून, एका सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. कारकुनानं अर्जाचा नमुना दिला. वस्तूचा प्रकार: मूर्ती, चित्र, हस्तलिखित, इतर. मी "इतर" लिहिलं. वस्तूचा वापर: "वधूच्या डोक्यावर." त्यानं ते दोनदा वाचलं.

"शंभर वर्षांची आहे कशावरून?"

"घराण्यात सांगतात."

"घराण्याचं पत्र आहे का?"

"नाही."

"मग शंभरची नाही असं लिहून द्या. मग नोंद लागतच नाही."

"पण आहे शंभरची."

"मग पुरावा आणा."

मी द्वारकाआत्यांचा लग्नातला फोटो दाखवला. आत्यांची मान खाली, चेहरा सगळा मुकुटाखाली गेलेला. "यात बाई दिसतच नाहीत," तो म्हणाला. शेवटी त्यानं माझ्या अर्जावर "पोहोचला" असा शिक्का मारला आणि मेथी कुठून घेतली ते विचारलं. बाहेर पडताना दारातल्या पोलिसानं पिशवी उघडून बघितली आणि मुकुट पाहून मला बाकावर बसवून ठेवलं. जीप उभी होती, पण तिच्यात मला कोणी घातलं नाही. सुटल्यावर मी तिला टेकून उभा होतो, इतकंच.

एवढं झाल्यावर मुकुट लग्नात असणं हा माझ्याही अब्रूचा प्रश्न होऊन बसला. तात्यांनी पत्रिकेत परस्पर ओळ घातली: "वधू घराण्याचा संस्थानकालीन राजमुकुट धारण करील." एका स्थानिक पेपरात चार ओळींची बातमीही आली, फोटो फक्त तात्यांचा. संध्याकाळी क्रांतीताईंचा फोन. "वाचलं हो! आमच्याकडे असले मुकुटबिकुट नाहीत. आमचं आपलं साधं. सगळं सोन्याचंच."

विनोदिनीनं फोन ठेवला आणि ब्यूटिशियनला लावला.

ब्यूटिशियन बाईंनी स्वानंदीचं डोकं मापलं, मुकुट मापला, पुन्हा डोकं मापलं. मुकुट कपाळावरून दोन्हीकडे चार चार बोटं बाहेर जात होता. "फोरहेड कमी पडतंय," त्या म्हणाल्या. तात्यांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "पूर्वीच्या स्त्रियांचे भालप्रदेश भव्य असत." त्यावर स्वानंदी काय म्हणाली ते मी गाळतो. मग स्पंज आला, इलॅस्टिक आलं, चौदा पिना आल्या. मुंडावळ्या मुकुटाच्या वर बांधायच्या की खाली, यावर सोसायटीत दोन तट पडले. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "मुंडावळ्या हे शास्त्र, मुकुट ही हौस. शास्त्र वर घ्या." रंगीत तालमीला मुकुट वीस मिनिटं राहिला आणि एकविसाव्या मिनिटाला स्वानंदीच्या नाकावरून घसरून चहाच्या ट्रेमध्ये पडला. ट्रेला पोचा आला. मुकुटाला काही झालं नाही.

लग्नाचा दिवस. सांगलीतलं कार्यालय, सकाळचे साडेनऊ. मुहूर्त बारा सतराचा. पुष्कर गणपतीचं दर्शन घेऊन तिथून घोडीवरून कार्यालयात येणार होता. दर्शनी दालनात तात्यांनी टेबलावर मखमल घालून मुकुट मांडला होता आणि शेजारच्या खुर्चीत, मुकुटाच्या शेवटच्या मानकरी म्हणून, द्वारकाआत्यांना. आत्या चौऱ्याऐंशीच्या, कानानं अधू. लोक मुकुटाबरोबर फोटो काढत होते, तेव्हा त्या फोटोत येत होत्या.

तेवढ्यात फेटा बांधलेला एक उंच, वाळका माणूस बादली घेऊन आत आला. हा गुंडा, घोडीवाला, आटपाडीकडचा. घोडीला पाणी कुठं मिळेल ते विचारायला आला होता. टेबलाशी येऊन थबकला.

"आवं, ह्यो साज कुनाच्या घोड्याचा?"

तात्या सावकाश वळले. "हा राजमुकुट आहे."

"राजाचाच आसंल की," गुंडा म्हणाला. "पर राजाच्या घोड्याचा."

त्यानं बादली खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि कोणी अडवायच्या आत मुकुट उचलला. "ह्ये बगा. ह्या कड्यांत म्होरकीचं पट्टं, कानामागनं जात्यात. खाली घुंगरं लावायची. वर तुरा. आमचा आज्जा संस्थानात पागंत हुता, घोड्यांच्या तबेल्यात. त्याच्याकडं असाच हुता, पितळंचा. राजवाड्यात लगीन आसलं की समद्या घोड्यांच्या कपाळाला बांदायचं." त्यानं मुकुट उलटा केला आणि मागची अक्षरं बोटानं चाचपली. "ह्यो नंबर. पागा, घोडं सात."

आमचं आडनाव पागनीस. पागेच्या नोंदी ठेवणारा तो पागनीस, हे कुठल्याही साध्या माणसाला सुचलं असतं. आमच्या घराण्यात सगळे पदवीधर असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तात्या खुर्चीत बसले. इतकी वर्षं ज्या माणसाला मी ताठ बघत आलो, तो एकदम टोपी काढून ठेवल्यासारखा लहान दिसायला लागला. "माझ्या आजोबांच्या बहिणीनं घातला होता हा," ते हळू म्हणाले. "आपल्या आत्यानं घातला होता. सुमंत, हे बाहेर जाता कामा नये."

"मी कशाला कुनाला सांगू?" गुंडाला ते लागलं होतं. "पर घोड्याचं आसलं म्हनून वंगाळ काय झालं? माझ्या आज्ज्यानं घोडी राखली. आमी सांगतो की चारचौगांत. तुमच्या आज्ज्यानं नोंदी ठेवल्या, तर तुमी तोंड का पाडताय?"

तात्यांनी टेबलावरच्या मखमलीची घडी घालायला घेतली.

मागून हसू ऐकू आलं. स्वानंदी दारात उभी होती, शालू नेसलेली, कपाळाला स्पंज चिकटवलेला. तीन महिन्यांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता तिनं स्पंज उपटला.

"बाबा, ज्याचा आहे त्याला घाला."

"आणि लोकांना काय सांगायचं?" विनोदिनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "पत्रिकेत छापलंय. पेपरात आलंय. क्रांतीताईंना काय सांगायचं?"

तात्या उठले. सदरा ओढून नीट केला. "ते माझ्याकडे लागलं," ते म्हणाले.

बाहेर गुंडाची बिजली नावाची पांढरी घोडी उभी होती. गुंडानं मुकुट तिच्या कपाळाला लावला, पट्टे कड्यांतून ओवले. ना स्पंज, ना पिना. मुकुट असा बसला, जसा काही तिच्या मापानं घडवला होता. बिजलीनं मान झटकली आणि मग उंच धरली. तिला बघून रस्त्यावरचा रसवाला हातातलं काम टाकून उभा राहिला.

गुंडा तिला गणपतीकडे घेऊन गेला आणि तासाभरानं ताशे वाजत मिरवणूक आली. घोडीवर पुष्कर लगामाला लोंबकळल्यासारखा बसला होता, आणि पुढे अख्खा साज ल्यालेल्या क्रांतीताई. दारात त्यांनी आधी मुकुटाकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे बघितलं. "हे काय? घोडीला?"

तात्यांनी माइक हातात घेतला. ताशे थांबले.

"पागनीस घराण्याची ही पिढीजात प्रथा आहे," तात्या म्हणाले आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. "येणाऱ्या जावयाच्या घोड्याला घराण्याचा राजमुकुट! वधूच्या डोक्यावर, असं पत्रिकेत आलं ती मुद्रणाची चूक. मुकुट जावयाच्या मानाचा!"

क्षणभर मला वाटलं, आता संपलं. पण क्रांतीताईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "इतका मान आमचा कोणी केला नव्हता हो," त्या विनोदिनीचे हात धरून म्हणाल्या, आणि घोडीजवळ उभ्या राहून त्यांनी सात फोटो काढून घेतले. चिंचपेटीपेक्षा मुकुट मोठा दिसू नये म्हणून त्या थोड्या पुढे उभ्या होत्या. त्यांच्याकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडच्या मंडळींनी, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

"काय म्हणाला रे तो?" द्वारकाआत्यांनी माझी बाही ओढली.

मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं मोठ्यानं सांगितलं. प्रथा आहे, मुकुट घोड्याचा असतो, पहिल्यापासून. आत्या ऐकत राहिल्या. मग काठी टेकत उठल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट तात्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. माइक अजून तात्यांच्या हातात होता.

"मग मला का रे घातला होता?"

प्रश्न सगळ्या कार्यालयाला ऐकू गेला. तात्यांनी माइक खाली केला.

"तीन दिवस डोकं ठणकत होतं माझं," आत्या म्हणाल्या. आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, किंवा कळत असेल. "दोन्ही कानशिलांवर वळ उठले होते. मी रडले, तर सासूबाई म्हणाल्या, पागनिसांची पोर नखरेल दिसते. तेच नाव पडलं. पोरं झाली, नातवंडं झाली. अजूनही घरात कोणी डोकं दुखतं म्हणालं की म्हणतात, आजीवर गेली. साठ वर्षं मला वाटत होतं, माझंच डोकं नाजूक."

विनोदिनीची नजर स्वानंदीच्या कपाळावर गेली. स्वानंदी दारातून बाहेर आली होती, आत्यांकडे बघत.

आत्या घोडीजवळ गेल्या. बिजलीनं मान खाली केली. आत्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग मुकुटाच्या कडेखाली दोन बोटं घालून बघितली. बोटं आत जाईनात.

"आवळलंयस तू," त्या गुंडाला म्हणाल्या. "सैल कर. इथं टोचतं ते."

"व्हय आजी," गुंडा म्हणाला आणि त्यानं पट्टा एक भोक सोडला.

"अजून."

त्यानं अजून एक सोडला. आत्यांची बोटं आत गेली. त्या तशाच उभ्या राहिल्या, घोडीच्या कानशिलावर हात ठेवून, आणि आतून गुरुजी मुहूर्त जवळ आल्याचं ओरडून सांगत होते तरी आमच्यापैकी कोणीही त्यांना चला म्हणायला धजावलं नाही.